नाव ठेवणारे आणि नावं ठेवणारे

चेन्नईहून उत्तरेकडे साठेक किलोमीटर गेलं की समुद्राला लागून पसरलेलं एक विस्तीर्ण खारं सरोवर लागतं. नकाशावर त्याचं नाव पुलिकत, तमिळमध्ये पळवेर्काडु. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांसाठी लोक इथे येतात. पण गावातली एक जुनी दफनभूमीही तितकीच थांबून पाहण्यासारखी आहे. तिच्या प्रवेशद्वारापाशी दगडात कोरलेले दोन सांगाडे पहारेकऱ्यांसारखे उभे आहेत. आत भारतीय पुरातत्त्व खात्याने राखलेली थडगी आहेत. जाड काळ्या शिळांवर घराण्यांच्या ढाली, शिरस्त्राणं आणि वेलबुट्टी कोरलेली आहे, आणि त्याखाली रोमन लिपीतल्या ठसठशीत ओळी. इतक्या वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानेही कित्येक अक्षरांची धार गेलेली नाही. ही भाषा हॉलंडची. इथे झोपलेले लोक 1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर, त्यांच्या बायका आणि त्यांची मुलं.

या लोकांना आज आपण 'डच' म्हणतो. आपले पूर्वज त्यांना 'वलंदेज' म्हणत. जुन्या तमिळमध्ये ते 'ओल्लांदर' किंवा 'उलांदा', बंगालीत 'ओलंदाज'. ते स्वतः स्वतःला म्हणतात 'नेडरलांडर', म्हणजे सखल प्रदेशातले. माणसं तीच, नावं मात्र गावोगावी निराळी, आणि त्यातलं एकही त्यांनी स्वतः आपल्याला दिलेलं नाही. मग ती आली कुठून? या प्रश्नाचा माग काढत गेलं की वेंगुर्ल्यापासून जपानपर्यंत आणि थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंतचा समुद्र पालथा घालावा लागतो.

आधी 'वलंदेज' हा शब्दच उकलून पाहू. पोर्तुगीज भाषेत हॉलंडच्या माणसाला 'होलांदेज' म्हणतात. त्या भाषेत शब्दाच्या आरंभीचा ह लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. म्हणून कानावर पडतं ते 'ओलांदेज'. आज या शब्दाच्या शेवटी पोर्तुगिजात स लिहितात, पण 1911 च्या लेखनसुधारणेपर्यंत तिथे झ लिहिण्याचा प्रघात होता. आपल्या 'इंग्रज' या शब्दाचा शेवटही याच साच्यातला आहे. पोर्तुगीज 'इंग्लेज'वरून इंग्रज, 'ओलांदेज'वरून वलंदेज. राहिला आरंभीचा व. फारसी-उर्दूतही हाच व दिसतो, उर्दूत आजही डच माणूस 'वलंदेजी'च आहे. मराठी जिभेला तर हा बदल मुळीच परका नाही. ओळख गावाकडे 'वळख' होते, ओझं 'वझं' होतं, ओसरी 'वसरी' होते, ओढा 'वढा' होतो. त्याच वाटेने ओलांदेज आपल्याकडे वलंदेज होऊन नांदला.

इथे थक्क करणारी गोष्ट समोर येते. सतराव्या शतकात आशियाच्या समुद्रात पोर्तुगीज आणि डच हे एकमेकांचे हाडवैरी होते. 1612 मध्ये पोर्तुगिजांनी पुलिकतच्या डच ठाण्यावर हल्ला केला, त्यानंतर 1613 मध्ये तिथे गेल्ड्रिया हा डच किल्ला उभा राहिला. पुढे डचांनी पोर्तुगिजांकडून 1641 मध्ये मलाक्का घेतलं, 1656 मध्ये कोलंबो, 1658 मध्ये नागपट्टण आणि 1663 मध्ये कोची. ठाण्यामागून ठाणं जिंकलं. पण जिंकलेल्या प्रत्येक बंदरात लोक डचांना ज्या नावाने हाक मारत होते, ते नाव हरलेल्या पोर्तुगिजांनी शिकवलेलं होतं.

याचं कारण सरळ आहे. पोर्तुगीज आशियात शंभर वर्षं आधी आले होते. बंदराबंदरांत सौदा त्यांच्या मोडक्यातोडक्या भाषेत होई. दुभाषे तीच भाषा बोलत, खलाशी तीच बोलत. खुद्द डचांची आशियातली राजधानी बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता. तिथल्या डच घरांतही कित्येक पिढ्या पोर्तुगीज वळणाची बोली चालत राहिली. नव्या पाहुण्याची ओळख करून देण्याचं काम आधी येऊन बसलेल्यानेच केलं, आणि तो पाहुणा त्याचा वैरी होता. तोफांनी गड जिंकता आले, पण लोकांच्या तोंडी बसलेला शब्द बदलता आला नाही.

एका नावाची बारा घरं

हा पोर्तुगीज शब्द खऱ्या अर्थाने बारा गावचं पाणी प्याला आहे. प्रत्येक बंदरात त्याने नवं रूप घेतलं, आणि काही ठिकाणी अर्थही बदलला.

मल्याळममध्ये त्याचा आरंभीचा स्वरच गळाला आणि डच लोक 'लंदक्कार' झाले. एन. एस. माधवन यांच्या गाजलेल्या मल्याळम कादंबरीच्या नावात 'लंदन बत्तेरी' येतं, त्याचा लंडन शहराशी संबंध नाही. ती डचांची तोफांची बुरुजी, डच बॅटरी. श्रीलंकेत सिंहली भाषेत हेच लोक 'लंदेसी' आहेत. त्यांच्या वंशातून आलेल्या बर्गर समाजाला 'लांसी' म्हणतात.

मलय भाषेत 'ओलांदा'चं 'बलांडा' झालं, आणि मग त्याचा अर्थ हळूहळू पसरत गेला. परमुलखातून आलेल्या, विचित्र वाटणाऱ्या कशालाही हे विशेषण लागू लागलं. मलेशियात टर्की पक्ष्याला 'आयाम बलांडा' म्हणतात, म्हणजे डच कोंबडी. ज्याला आपण मामफळ म्हणतो ते काटेरी फळ तिथे 'दुरियान बलांडा' आहे. बोर्निओच्या जंगलात लांबलचक नाकाचं, लालसर अंगाचं एक माकड राहतं. त्याचं लोकनाव 'मोन्येत बलांडा', डच माकड. उन्हाने लाल झालेल्या, मोठ्या नाकाच्या साहेबाची स्थानिकांच्या डोळ्यांत जी प्रतिमा होती, ती त्या मुक्या जनावराच्या नावात कायमची राहून गेली.

इंडोनेशियातल्या मकासारचे मच्छीमार तेव्हा दरवर्षी मान्सूनच्या वाऱ्यावर ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला जात. समुद्रकाकडी गोळा करायची, उकडून वाळवायची आणि चिनी बाजारात विकायची, हा त्यांचा धंदा. त्या किनाऱ्यावरच्या योल्ङु लोकांना त्यांच्याकडून 'बलांडा' हा शब्द मिळाला. पुढे इंग्रज वसाहतवाले आले, तेव्हा योल्ङु लोकांनी त्यांनाही बलांडाच म्हटलं. मकासारच्या होड्या 1907 नंतर यायच्या थांबल्या, पण त्या किनाऱ्यावरच्या आर्नहेम लँडमध्ये गोऱ्या माणसाला आजही हाच शब्द आहे. लिस्बनच्या तोंडून निघालेला, आपल्या 'वलंदेज'चा सख्खा भाऊ असलेला शब्द आज ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी बोलतात. तो ज्यांच्यासाठी निघाला, त्या डचांशी तिथल्या गोऱ्यांचा काही संबंध नाही.

जपानची गोष्ट तर याहून नवलाची. जपानच्या शोगुन सरकारने 1639 मध्ये पोर्तुगिजांना देशाबाहेर काढलं आणि त्यांच्या बोटी बंद केल्या. डचांना मात्र 1641 पासून नागासाकीच्या देजिमा या छोट्याशा बेटावर वखार ठेवू दिली. पोर्तुगीज गेले, पण त्यांनी शिकवलेलं नाव राहिलं. डच म्हणजे 'ओरांडा'. पुढची दोनशे वर्षं युरोपातलं वैद्यक, खगोल आणि यंत्रविद्या जपानमध्ये मुख्यतः डच पुस्तकांतून आली, म्हणून त्या विद्येचं नाव पडलं 'रांगाकु'. यातलं 'रान' हे ओरांडातलं मधलं अक्षर. ते ज्या चिन्हाने लिहितात, त्याचा अर्थ ऑर्किडचं फूल. 1774 मध्ये सुगिता गेनपाकू आणि त्याच्या मित्रांनी शरीररचनेचं डच पुस्तक जपानीत आणलं, ते या विद्येचं एक शिखर. आणि डोक्यावर मांसल मुकुट असलेल्या ज्या सोनमाशाला आपल्याकडचे मत्स्यप्रेमी 'ओरांडा' म्हणतात, तो मासा मूळचा चीनचा. दूरदेशीच्या दुर्मीळ वस्तूला ओरांडा म्हणायची जपानी सवय त्याला चिकटली.

शेजाऱ्याचं वैर, इंग्रजांची जीभ

आता 'डच' या शब्दाकडे वळू. जुन्या जर्मानिक भाषांत 'लोकांची' या अर्थाचं एक विशेषण होतं. विद्वानांची लॅटिन वेगळी आणि लोकांच्या तोंडची भाषा वेगळी, हा फरक सांगण्यासाठी ते वापरत. त्याचं लॅटिन रूप 'थिओडिस्कुस' इसवी सन 786 च्या एका पत्रात आढळतं. त्याच मुळातून जर्मन लोकांचं 'डॉइच', इटालियनांचं 'तेदेस्को' आणि इंग्रजांचं 'डच' निघालं. मधल्या काळात इंग्रजीत 'डच' म्हणजे जर्मन आणि डच दोघेही, वरचे आणि खालचे. सतराव्या शतकात हा शब्द हॉलंडवाल्यांपुरता आकसला. अमेरिकेत मात्र जुना अर्थ टिकून आहे. तिथले 'पेनसिल्व्हेनिया डच' जर्मन स्थलांतरितांचे वंशज आहेत. खुद्द डच भाषेत त्याच मुळाचा 'डॉइट्स' हा शब्द उरला, पण तो जर्मनांसाठी. जगाने ज्यांना 'डच' ठरवलं, त्यांनी तो शब्द शेजाऱ्याला देऊन टाकला.

'हॉलंड' हेही अपुरंच नाव. जुन्या डच भाषेत 'होल्ट लांट' म्हणजे झाडीचा, लाकडाचा प्रदेश. आज त्या देशात बारा प्रांत आहेत आणि त्यातले फक्त दोन हॉलंड नावाचे, उत्तर आणि दक्षिण. 2020 पासून सरकारने जगासमोर आपलं नाव 'नेदरलँड्स' एवढंच ठेवायचं ठरवलं.

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. वलंदेजांच्या बाबतीत ते अंतर इतिहासाने भरून काढलं. आशियात पोर्तुगिजांनी त्यांचं नाव ठेवलं, युरोपात इंग्रजांनी त्यांना नावं ठेवली. 1652 ते 1674 या काळात इंग्रज आणि डच समुद्रावर तीनदा लढले, आणि 1780 मध्ये चौथ्यांदा. या शत्रुत्वाच्या सावलीत इंग्रजीत 'डच' हे विशेषण हलक्या, खोट्या, उसन्या गोष्टींना लागत गेलं. दारूच्या जोरावर आलेलं शौर्य ते डच शौर्य. तोंडावर खरमरीत बोलणारा वडीलधारा तो डच काका. ज्याने त्याने आपापले पैसे द्यायचे, ती डच मेजवानी. त्यालाच आपल्याकडची मुलं आज टीटीएमएम म्हणतात, तू तुझं मी माझं. वादळात आफ्रिकेच्या केपच्या टोकाशी कायम भटकणाऱ्या शापित जहाजाची दंतकथाही डच माणसाच्याच नावावर जमा झाली. वाग्नरने 1843 मध्ये तिच्यावर संगीतनाटक रंगवलं.

पण गवंडी आणि सुतार यांच्या तोंडी 'डचमन' या शब्दाला एक फार सुंदर अर्थ आहे. दगडी इमारतीचा कोपरा फुटला, कमानीचा तुकडा उडाला, तर सगळा दगड बदलत नाहीत. फुटलेल्या जागेभोवती सरळ, काटकोनी कडा कापून एक स्वच्छ खाच करतात. मग त्याच खाणीच्या, त्याच रंगाच्या दगडाचा नेमका तेवढाच तुकडा घडवतात, त्याच्या रेषा मूळ दगडाच्या रेषांना जुळवतात आणि तो खाचेत बसवतात. सांधा केसाएवढा राहिला पाहिजे. या ठिगळाला इंग्रजी बोलणारे वारसाजतनाचे कारागीर 'डचमन' म्हणतात. सुतार लाकडाच्या ठिगळालाही तेच म्हणतात. नाटकाच्या पडद्यामागे दोन चौकटींमधली फट झाकणारी कापडाची पट्टी तीही डचमन. आणि कागद बनवणाऱ्यांचं 'हॉलंडर' हे यंत्र सतराव्या शतकात खरंच हॉलंडमध्ये जन्मलं. लांबोळक्या हौदात पाती बसवलेला रूळ फिरतो, त्याखालून भिजलेल्या चिंध्या पुन्हा पुन्हा जातात आणि त्यांचा लगदा होतो. हाताने कागद करणाऱ्या कार्यशाळा आजही ते वापरतात. माणसाचं नाव असं हळूहळू हत्याराचं आणि दुरुस्तीचं नाव होतं.

तोंडात राहिलेले तुकडे

डच आपल्या किनाऱ्यावर नावापुरतेच येऊन गेले असं नाही. चेन्नईत आजही संडासाला 'कक्कूस' म्हणतात, तो डच 'काकहाउस'वरून आलेला. तमिळमध्ये पैशाला 'तुट्टु' म्हणतात, त्याचं मूळ अनेक अभ्यासक 'डाउट' या डच तांब्याच्या नाण्यात पाहतात. इंडोनेशियात तर त्याच नाण्यावरून पैशाला सरसकट 'दुइत' म्हणतात. बंगाली माणूस पत्ते खेळताना 'हरतन', 'रुइतन', 'इस्कापन' म्हणतो. हे तिन्ही डच शब्द आहेत, बदाम, चौकट आणि इस्पिक या पत्त्यांचे. आपण मराठीत ज्याला 'किलवर' म्हणतो, त्या पत्त्याला डच भाषेत 'क्लाव्हर' म्हणतात, आणि हे साम्य लगेच नजरेत भरतं.

आपल्याकडून त्यांच्याकडेही शब्द गेले. पुलिकतच्या मागावर विणलेल्या चौकडीच्या कापडाला मलेशिया आणि इंडोनेशियात अजून 'काइन पलेकात' म्हणतात, म्हणजे पुलिकतचं कापड. आपल्या 'छीट'ला डच भाषेत 'सिट्स' म्हणतात.

आणि याच बंदरांतून माणसंही गेली. दुष्काळ पडले की पोट भरायला काही नसलेली माणसं विकली जात. चोळमंडळाच्या किनाऱ्यावरून डचांनी हजारो स्त्रीपुरुष गुलाम म्हणून बटाव्हियाकडे नेले. 'ओल्लांदर' या शब्दामागे कापड आणि मसाले आहेत, तशी ही ताटातूटही आहे. ती सोडून या शब्दाचा इतिहास सांगता येत नाही.

मराठी कागदांतले वलंदेज

मराठ्यांशी वलंदेजांची ओळख आधी कोकणात झाली. वेंगुर्ल्याला 1637 च्या सुमारास त्यांनी वखार घातली, तिचे अवशेष तिथे अजून आहेत. गोव्यातल्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. त्या वखारीतून बटाव्हियाला गेलेल्या पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या सापडतात, आणि मराठ्यांच्या इतिहासासाठी ती आज अमूल्य साधनं आहेत.

1677 मध्ये दक्षिणदिग्विजयाच्या मोहिमेत महाराज तमिळ प्रदेशात उतरले. जिंजीचा किल्ला घेतला, आणि कडलूरजवळच्या डच वखारीचा प्रश्न समोर आला. त्या वेळी महाराजांनी वलंदेजांना व्यापाराचा कौल दिला. त्याचा मजकूर डच कागदपत्रांमुळे आपल्याला माहीत आहे. त्यात एक अट अशी की, आधीच्या अमलात तुम्ही स्त्रीपुरुष गुलामांची खरेदी-विक्री करत होता, आमच्या मुलखात ती चालणार नाही. आमचे अंमलदार ती रोखतील. चेन्नईच्या दक्षिणेला जिथे माणसं विकली जात होती, त्याच किनाऱ्यावर एका मराठी राजाने वलंदेजांना असं बजावलं. मराठी वाचकाने हे पुन्हा पुन्हा आठवावं.

त्याच सुमारास तंजावरला महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे गादीवर होते. 1676 मध्ये त्यांनी नागपट्टणच्या डचांना दिलेली सनद चांदीच्या पत्र्यावर कोरलेली होती. तो पत्रा पुढे बटाव्हियाच्या संग्रहालयात पोहोचला. नागपट्टण 1781 मध्ये, तर पुलिकत आणि सद्रास ही डच ठाणी 1825 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेली. डच कंपनीचे कित्येक दप्तरखंड आज चेन्नईत एग्मोरच्या तमिळनाडू अभिलेखागारात जपलेले आहेत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या 'आज्ञापत्रा'त, अठराव्या शतकाच्या आरंभी, परदेशी व्यापाऱ्यांची नावं एका दमात येतात: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. पोर्तुगीज, ब्रिटिश, डच, फ्रेंच आणि डेन्मार्कचे. सगळे टोपीकर, आणि सगळ्यांपासून सावध राहायचं. पाच वेगळ्या जमाती आपल्या राज्यकर्त्यांना स्पष्ट दिसत होत्या, आणि प्रत्येकीला त्यांच्याकडे वेगळा शब्द होता.

पुढे इंग्रजी शाळा आल्या, इंग्रजी इतिहासाची पुस्तकं आली आणि वलंदेज मागे पडला. त्याच्या जागी 'डच' बसला. तमिळमध्येही आता पाठ्यपुस्तकांत 'डच्चुक्कारर्' आहेत, ओल्लांदर जुन्या पुस्तकांत उरले. आपला शिक्षक बदलला तसा आपला शब्द बदलला. आधी डचांची ओळख पोर्तुगिजांनी करून दिली, मग इंग्रजांनी. डचांच्या तोंडून त्यांचं स्वतःचं नाव आपण कधीच घेतलं नाही.

यात डचांवर काही विशेष अन्याय झाला असं मात्र नाही. 'हिंदू' हे नाव सिंधूच्या पलीकडच्या इराण्यांनी दिलं. 'इंडिया' ग्रीकांच्या तोंडून फिरून आलं. तमिळनाडूत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या तंजावरी मराठी देशस्थ घरांना शेजारी 'रायर' म्हणतात. ते आपल्या 'राव'चंच तमिळ रूप आहे. माणसाला जगात वावरायचं तर दुसऱ्याने दिलेल्या नावाने वावरावं लागतं, आणि त्या नावात त्या दुसऱ्याने आपल्याला कसं पाहिलं ते राहतं.

म्हणूनच 'वलंदेज' हा शब्द मराठीत जिवंत राहावा असं मला मनापासून वाटतं. 'डच' म्हटलं की आपल्याला इंग्रजांची नजर मिळते. 'वलंदेज' म्हटलं की पुलिकत, वेंगुर्ले, बटाव्हिया, नागासाकी आणि आर्नहेम लँड एका माळेत येतात, आणि जेत्याचं नावही वैऱ्याच्या हाती असतं हे लख्ख दिसतं. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात 'डच'च्या शेजारी हा एक शब्द छापायला अर्धी ओळसुद्धा लागणार नाही. तो छापला, तर 'हे असं का?' असं विचारणाऱ्या मुलापुढे अर्ध्या जगाचा समुद्र खुला होईल.